अल्झायमरच्या रुग्णाला अँटिऑक्सिडंट द्यायचे का, आणि द्यायचेच तर कसे

अल्झायमरचे निदान कानावर पडल्यानंतर घरातली माणसे स्वस्थ बसू शकत नाहीत. डॉक्टर डोनेपेझिलसारखी एखादी गोळी लिहून देतात, तिने आजार बरा होणार नाही हेही सांगतात, आणि मग प्रत्येकजण आपापल्या परीने आणखी काही मिळते का ते शोधू लागतो. आमच्या सासूबाईंचे निदान झाले तेव्हा तीन महिन्यांत ओट्याशेजारच्या फळीवर सात बाटल्या जमल्या होत्या. एक भाच्याने परदेशातून पाठवलेली, दोन मेडिकलमधून आणलेल्या, एक शेजारणीने आग्रहाने दिलेली, बाकीच्या कोणी आणल्या हे आता कोणालाच आठवत नव्हते. एका रविवारी भिंग घेऊन मी सगळी लेबले वाचली, तेव्हा तीन बाटल्यांत ई जीवनसत्त्व होते, दोन बाटल्यांत सेलेनियम आणि एकीत गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. सासूबाईंना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती, आणि या सात बाटल्यांबद्दल डॉक्टरांना आम्ही एका शब्दानेही सांगितले नव्हते.

ज्यांच्या हातात आज अशी बाटली आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे पेशींची होणारी हानी रोखणारे ई जीवनसत्त्वासारखे घटक, हा अल्झायमरचा उपचार नव्हे. त्यांतल्या एका घटकाचा, विशिष्ट रुग्णांना, विशिष्ट मात्रेत, मर्यादित उपयोग दिसला आहे. बाकीच्यांची योग्य जागा ताटात आहे.

मेंदूत नेमके काय बिघडते

शेंगदाण्याचा कूट झाकण न लावता आठवडाभर ओट्यावर राहिला की त्याला खवट वास येऊ लागतो. दाण्यातल्या तेलावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि ही साखळी पुढे चालू राहते. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. दाण्यात निसर्गतःच असलेले ई जीवनसत्त्व ही साखळी काही काळ रोखून धरते, आणि ते संपले की खवटपणा वेगाने वाढतो.

मेंदूतही याच जातीची क्रिया घडते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असला तरी शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, त्याच्या पेशींची आवरणे सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या स्निग्ध पदार्थांची असतात, आणि लोह व तांबे यांसारखे ही क्रिया वाढवणारे धातूही तिथे असतात. पेशीतली ऊर्जा निर्माण होताना फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर रेणू तयार होतच असतात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. वयाबरोबर हा बंदोबस्त ढिला पडतो, आणि अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे साठे व टाऊ प्रथिनाच्या गाठी त्यात भर घालतात. या रुग्णांच्या मेंदूत ऑक्सिडीकरणाच्या खुणा आढळतात, याबद्दल संशोधकांत मतभेद नाही.

मग अँटिऑक्सिडंट दिले की आजार थांबायला हवा, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण हिशेब इतका सरळ निघालेला नाही. लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून अमायलॉइड साठू लागलेले असते आणि निदान होईपर्यंत पुष्कळ पेशी गेलेल्या असतात. शिवाय ऑक्सिडीकरण हा या आजारातला अनेक धाग्यांपैकी एक धागा आहे. आणखी एक अडचण अशी की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो आणि तोंडाने घेतलेला प्रत्येक पदार्थ तो ओलांडून पलीकडे जात नाही. परीक्षानळीत प्रभावी ठरलेले द्रव्य रुग्णात निष्प्रभ ठरते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते.

ई जीवनसत्त्वाचा पुरावा कसा वाचावा

सर्वांत जास्त तपासला गेलेला घटक ई जीवनसत्त्व हाच आहे. त्याच्या तीन चाचण्या समजून घेतल्या तर दुकानदाराच्या किंवा नातेवाइकांच्या शब्दावर विसंबण्याची वेळ येत नाही.

१९९७ साली अमेरिकेत मध्यम अवस्थेतल्या ३४१ रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज २००० आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे लेबलावर ज्याला आययू म्हणतात तेवढे, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये संस्थेत दाखल करावे लागणे किंवा रोजची कामे करण्याची क्षमता जाणे यांसारखे टप्पे काही महिने पुढे ढकलले गेले. स्मरणशक्तीच्या परीक्षेत मात्र त्यांना काही फायदा झाला नाही. २००५ साली ज्यांना अजून अल्झायमर झालेला नाही, पण विस्मरण वयाच्या मानाने जास्त आहे, अशा ७६९ जणांवरील तीन वर्षांच्या चाचणीत तीच मात्रा देऊनही अल्झायमर टळला नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या ६१३ माजी सैनिकांवर, म्हणजे जवळजवळ सगळ्या पुरुषांवर, झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांचा आजार सौम्य ते मध्यम अवस्थेत होता, आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये रोजची कामे करण्याच्या क्षमतेतली घट वर्षाला सुमारे १९ टक्के मंद झाली. सव्वादोन वर्षांच्या सरासरी काळात हा फरक साधारण सहा महिन्यांचा भरला. मात्र मेमँटिन या औषधाच्या जोडीने ई जीवनसत्त्व दिलेल्या गटात हा फायदा दिसला नाही, त्यामुळे ज्यांना मेमँटिन चालू आहे त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांशी मुद्दाम बोलावी.

या १९ टक्क्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. विसरलेली नावे परत येतील, किंवा नातवाला कोण म्हणून विचारणे थांबेल, असा तो नाही. स्वतः अंघोळ करणे, साडी नेसणे किंवा सदऱ्याची बटणे लावणे, हाताने जेवणे ही कामे काही महिने अधिक टिकतील, इतकाच त्याचा अर्थ आहे. ज्यांनी घरी रुग्णाची सेवा केली आहे त्यांना या काही महिन्यांचे मोल मी सांगायला नको.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. अनेक चाचण्यांची एकत्रित छाननी करून २००५ साली असे मांडले गेले की रोज ४०० एकके किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण थोडे वाढलेले दिसते. या निष्कर्षावर वाद आहे, आणि २०१४ च्या चाचणीत तशी वाढ आढळली नाही, पण ती बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही. २०१० सालच्या एका छाननीत मेंदूत रक्तस्राव होऊन येणाऱ्या पक्षाघाताचा धोका २२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. २०११ साली निरोगी पुरुषांच्या एका मोठ्या चाचणीत रोज ४०० एकके घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणून घरातल्या निरोगी माणसांनी 'आपल्यालाही होऊ नये' म्हणून या कॅप्सूल सुरू करण्याला आधार नाही.

अनेक अँटिऑक्सिडंट एकत्र दिले तर जास्त फायदा होईल, ही समजूतही तपासली गेली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ई, सी आणि अल्फा लिपोइक आम्ल यांचे मिश्रण सोळा आठवडे दिले गेले. ऑक्सिडीकरणाची एक खूण पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात कमी झाली, परंतु त्याच गटाची बौद्धिक चाचणीतली घसरण अधिक वेगाने झाली. मेडिकलच्या काउंटरवर 'ब्रेन'च्या नावाने मिळणाऱ्या मिश्र कॅप्सूल घेताना मला ही चाचणी हटकून आठवते.

सुरू करण्याआधीची तयारी

प्रथम निदान पक्के असल्याची खात्री करावी. बी१२ ची कमतरता, थायरॉइड मंद असणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा परिणाम, डोक्याला मार लागून मेंदूवर साचलेले रक्त, या सगळ्यांत विस्मरण होऊ शकते आणि यांतल्या बहुतेक गोष्टींवर खरा उपचार आहे. आपल्याकडे शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी१२ कमी असणे काही दुर्मीळ नाही, म्हणून ही तपासणी झाली नसेल तर ती आधी मागून घ्यावी. ज्याला बी१२ च्या इंजेक्शनची गरज आहे त्याला अँटिऑक्सिडंट देत बसणे म्हणजे हातचा वेळ घालवणे आहे.

त्यानंतर घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, चूर्णे आणि काढे एका टेबलावर मांडावेत. डॉक्टरांनी दिलेले एका बाजूला आणि आपण होऊन आणलेले दुसऱ्या बाजूला ठेवावे. प्रत्येक लेबल वाचून वहीत घटक आणि मात्रा लिहावी, आणि एकच घटक किती बाटल्यांतून पोटात जातो त्याची बेरीज करावी. ई जीवनसत्त्व मल्टिव्हिटॅमिनमध्ये असते, केसांच्या आणि त्वचेच्या कॅप्सूलमध्ये असते, माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्येही कधी कधी घातलेले असते, त्यामुळे ही बेरीज आपल्या अंदाजापेक्षा जास्त निघते. आमच्याकडे ती दिवसाला १२०० एककांच्या वर गेली होती, आणि आम्ही मात्र सासूबाईंना एकच कॅप्सूल देत आहोत असे समजत होतो.

ही वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे आणि पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात: वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे काही चालू आहे का, मेंदूत पूर्वी कधी रक्तस्राव झाला होता का, प्रोस्टेटचा त्रास आहे का, नजीकच्या काळात शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले आहे का. लेकॅनेमॅबसारखी अमायलॉइड काढणारी नवी इंजेक्शने ज्यांना चालू आहेत किंवा सुचवली आहेत, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण मेंदूत सूज येणे आणि बारीक रक्तस्राव होणे हे त्या औषधांचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. डॉक्टर घाईत असले तरी वहीचे पान त्यांच्यासमोर ठेवावे. तोंडी सांगताना निम्मे राहून जाते.

डॉक्टरांनी होकार दिल्यास

आपल्याकडे मिळणाऱ्या ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलवर बहुतेक वेळा ४०० हा आकडा असतो. चाचण्यांमधली २००० एकके म्हणजे अशा पाच कॅप्सूल होतात, आणि प्रौढांसाठी रोजची गरज साधारण १५ मिलिग्रॅम धरली जाते हे ध्यानात घेतले तर ही मात्रा किती मोठी आहे ते कळते. हा आकडा वाचून कोणीही आपल्या मनाने पाच कॅप्सूल सुरू करू नयेत. मात्रा किती, कशी विभागून आणि किती काळ, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, आणि पुष्कळ डॉक्टर विचार करून नकारही देतात. तो नकार मानावा.

कॅप्सूल जेवणाबरोबर द्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाच्या सोबतीने शोषले जाते. रिकाम्या पोटी चहाबरोबर दिल्यास तिचा उपयोग कमी होतो. नवे औषध आणि ई जीवनसत्त्व एकाच आठवड्यात सुरू करू नये, नाहीतर पोट बिघडले किंवा झोप उडाली तर कशामुळे ते कळत नाही. सगळ्या कॅप्सूल रुग्णाच्या हाताला लागणार नाहीत अशा कपाटात ठेवाव्यात. गोळी घेतल्याचे विसरून ती पुन्हा घेणे हे या आजारात नित्याचे आहे. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, अंगावर निळे डाग उठणे, शौचाला काळे होणे यांतले काही दिसले तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अचानक तीव्र डोकेदुखी झाली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

परिणाम होतो आहे की नाही हे 'आज आई जरा बरी वाटते' यावरून ठरवू नये, कारण या आजारात चांगले आणि वाईट दिवस आलटून पालटून येतातच. अंघोळ, कपडे, जेवण, शौचालयाला जाणे आणि घरातल्या घरात वावरणे या पाच कामांपुढे दर महिन्याच्या ठरावीक तारखेला 'स्वतः', 'सांगावे लागते' किंवा 'करून द्यावे लागते' यांपैकी एक नोंद करावी. सहा महिन्यांनी ती पाने डॉक्टरांना दाखवून पुढे चालू ठेवायचे की नाही ते ठरवावे.

गिंको, हळद आणि बाकीचे

गिंकोची रोज २४० मिलिग्रॅम मात्रा तीन हजारांहून अधिक वृद्धांना सरासरी सहा वर्षे देऊन पाहिली गेली आणि २००८ साली निष्कर्ष आला की त्याने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्याने रक्तस्रावाचा धोका मात्र संभवतो. द्राक्षांच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल वर्षभर मोठ्या मात्रेत देऊनही रुग्णांना ठोस लाभ झाला नाही. कोएन्झाइम क्यू१० महाग आहे आणि अल्झायमरमध्ये त्याच्या उपयोगाचा पुरावा नाही.

हळदीविषयी आपल्या मनात जिव्हाळा आहे, आणि तो मलाही आहे. हळदीतला कर्क्युमिन प्रयोगशाळेत अमायलॉइडशी झुंजतो हे खरे आहे, परंतु तो आतड्यातून फारच थोडा शोषला जातो, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. शोषण वाढवण्यासाठी मिऱ्याचे सत्त्व घातलेल्या तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून फोडणीतली हळद निश्चिंतपणे वापरावी आणि कॅप्सूलमधली टाळावी. ब्राह्मी, अश्वगंधा यांसारखी औषधे घ्यायची असतील तर वैद्य आणि मेंदूविकारतज्ज्ञ या दोघांनाही परस्परांच्या औषधांची माहिती द्यावी. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००८ साली अमेरिकेतल्या एका तपासणीत दिसले होते, आणि हे धातू मेंदूला थेट इजा करतात. बिनलेबलची पुडी कितीही विश्वासाच्या माणसाने दिली तरी ती घेऊ नये.

ताटातून काय द्यावे

पालेभाज्या, कडधान्ये, सुकामेवा आणि बेरीवर्गीय फळे यांवर भर देणारा माइंड आहार घेणाऱ्यांत डिमेन्शिया कमी आढळतो, असे निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत दिसले होते. २०२३ साली ६०४ जणांवरील तीन वर्षांच्या चाचणीत मात्र तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा त्यांचा लक्षणीय फायदा झाला नाही. तरीही आहाराचा मार्ग मी सुचवते, कारण रक्तवाहिन्या आणि हृदय यांना त्याचा लाभ आहे, आणि त्यात कॅप्सूलसारखी जोखीम नाही.

परदेशी ब्लूबेरी शोधत फिरण्याची गरज नाही. जांभूळ, करवंद, डाळिंब आणि कोकम यांत त्याच जातीची रंगद्रव्ये आहेत, आणि पेरू व आवळा सी जीवनसत्त्वात संत्र्याच्या पुढे आहेत. ई जीवनसत्त्वासाठी बदाम, सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे उत्तम आहेत. जवसाची, कारळाची आणि तिळाची चटणी आपल्या जेवणात पूर्वापार आहे. ती थोडी थोडी करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, कारण खवट झालेली चटणी म्हणजे आधीच ऑक्सिडीकरण झालेले तेल असते. याच कारणासाठी तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. सी जीवनसत्त्व उकळण्याने नष्ट होते, म्हणून लिंबू भाजी उतरवल्यावर पिळावे आणि आवळा किसून कोशिंबिरीत घालावा. मोरावळा आणि च्यवनप्राश यांत साखर पुष्कळ असते हे मधुमेह्यांच्या घरी विसरू नये.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक, मेथी, शेपू यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवावे. एका आठवड्यात रोज पालेभाजी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे झाले की त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम वरखाली होतो.

चावण्या-गिळण्याची क्षमता कमी होऊ लागल्यावर अख्खे दाणे आणि बदाम धोक्याचे ठरतात, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतात. सासूबाईंना आम्ही दाण्याचा कूट वस्त्रगाळ करून ताकातल्या पातळ भाजीत मिसळत असू, जांभळाची बी काढून गर गाळून देत असू, आणि पेरूच्या बिया गाळणीने काढून टाकत असू. ताटलीत एका वेळी एकच पदार्थ वाढला की त्यांचा गोंधळ कमी होई आणि चार घास जास्त जात.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. अल्झायमरमध्ये वजन घटणे ही मोठी समस्या असते, आणि 'अँटिऑक्सिडंट आहार' म्हणून आवडीचे पदार्थ बंद करून रुग्णाला उपाशी ठेवणे हे त्याहून वाईट आहे. पथ्य रक्तदाबाचे आणि साखरेचे तेवढे पाळावे, बाकी हौसेने खाऊ द्यावे. महागड्या बाटल्यांवर दरमहा खर्च होत असेल तर तो पैसा ऐकू न येणाऱ्या कानासाठी यंत्र घेण्यात, किंवा सकाळी फिरायला नेणाऱ्या मदतनिसावर घालणे अधिक शहाणपणाचे आहे. कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि व्यायामाचा अभाव ही डिमेन्शियाचा धोका वाढवणारी मान्यताप्राप्त कारणे आहेत.

कधी थांबवावे

रोजची सगळी कामे दुसऱ्याने करून द्यावी लागतात अशी अवस्था आली की ई जीवनसत्त्व चालू ठेवण्याला विशेष अर्थ उरत नाही, कारण ज्या क्षमता टिकवण्यासाठी ते दिले जात होते त्या आता राहिलेल्या नसतात. गिळताना ठसका लागत असेल तर मऊ कॅप्सूल फोडून तेल तोंडात ओतण्याचा प्रयत्न करू नये. तेल फुप्फुसात गेल्यास न्यूमोनियासारखा आजार होतो. कोणत्या गोळ्या आता कमी करायच्या, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. आमच्या सात बाटल्यांपैकी पहिल्याच भेटीत सहा बंद झाल्या, आणि उरलेली एक दीड वर्षाने, सासूबाई पाण्याच्या घोटालाही अडखळू लागल्या तेव्हा थांबवली. त्यानंतर त्यांना चमच्याने मऊ भात, वरून साजूक तूप आणि गाळलेले कोकमाचे सार घट्ट करून देत होतो, आणि ते त्या आवडीने घेत होत्या.